भाडेकरार: आधी नोंदणी, मग किल्ली

"करार केलाय ना?" असं विचारलं की घरमालक ठामपणे सांगतो, "हो, स्टॅम्प पेपरवर आहे, नोटरीसुद्धा केलीय." महाराष्ट्रात हे उत्तर पुरेसं नाही. नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे याची साक्ष. नोंदणी म्हणजे दस्त दुय्यम निबंधकाच्या (सब-रजिस्ट्रारच्या) दप्तरी चढणं. राहत्या घराच्या भाडेकराराला कायदा नोंदणी मागतो.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा याच घरातला दुसरा गैरसमज. १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट देशभर रूढ झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ने ती इथे बंद केली. मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मोबाईलवर फिरणारे "नवे भाडेनियम, डिपॉझिट फक्त दोन महिन्यांचं" हे संदेशही तूर्त बाजूला ठेवा. दोन महिन्यांची ती मर्यादा केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे आणि तो राज्यांसमोर ठेवलेला नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

पुढची सगळी माहिती राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स करारापुरती आहे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची नुसती परवानगी देणाऱ्या करारापुरती. पागडीच्या जागा आणि दुकानं-गाळे यांचं गणित वेगळं.

१. टोकन देण्याआधी: कोण कोणाशी करार करतंय?

भाडेकरूने पहिल्यांदा पाहायचं ते घर नव्हे, नाव. समोरचा माणूस मालक आहे का? इंडेक्स २ (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोबत ताजं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, एवढं मागितलं तर कुणाला राग यायचं कारण नाही. राग आलाच, तर तोही एक उपयोगी पुरावा समजा.

घर नवरा-बायकोच्या किंवा भावांच्या संयुक्त नावावर असेल तर सगळ्यांची नावं करारात हवीत. "सही मीच करतो, ती काही म्हणणार नाही" हे चालवून घेऊ नका. मालक परदेशात असेल आणि त्याच्या वतीने काका किंवा मेहुणा येत असेल, तर कुलमुखत्यारपत्र वाचा. त्यात घर भाड्याने देण्याचा आणि दस्त नोंदवण्याचा अधिकार शब्दांत लिहिलेला असला पाहिजे. घराची "देखभाल" करण्याचा अधिकार म्हणजे भाड्याने देण्याचा अधिकार नव्हे.

मालकाने बघायचं ते असं: घरात कोण कोण राहणार, त्यांची नावं, आधार आणि पॅन, नोकरीचा किंवा व्यवसायाचा पुरावा. करार एकाच्या नावावर आणि राहायला चौघे मित्र, हा प्रकार नंतर डोकेदुखी होतो. चौघे राहणार असतील तर चौघांनाही पक्षकार करा.

*तपासा:* आधारवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि इंडेक्स २वरचं नाव जुळतंय का? लग्नाआधीचं आडनाव, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असल्या फरकांमुळे नोंदणीच्या दिवशी खोळंबा होतो. हे आज कळलं तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

२. आकडे ठरवा, आणि खरे लिहा

भाडं, डिपॉझिट, मुदत, दरवर्षीची वाढ, मेंटेनन्स कोण भरणार, लॉक-इन (करार मोडता येत नाही तो सुरुवातीचा काळ) किती, नोटीस किती दिवसांची. ही सात उत्तरं टोकन देण्याआधी कागदावर आली पाहिजेत. साध्या वहीच्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या तरी चालेल. किमान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून समोरच्याचं "हो" घ्या. टोकनची रक्कम डिपॉझिटमध्ये वळती होणार की भाड्यात, आणि व्यवहार मोडला तर ती परत मिळणार की नाही, हेही त्याच संदेशात.

आता सगळ्यात महागडी चूक. करारात भाडं कमी दाखवायचं आणि उरलेलं रोख घ्यायचं. मुद्रांक वाचतो म्हणून असं करतात.

वीस हजार भाडं आहे, करारात दहा लिहिलं. दोन वर्षांत लपवलेली रक्कम दोन लाख चाळीस हजार. त्यावरचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे वाचले सहाशे रुपये. आता मुदत संपली आणि भाडेकरू घर सोडत नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ मालकाला दुप्पट दराने भरपाई मागू देतं, पण दुप्पट कशाच्या? करारात लिहिलेल्या भाड्याच्या. दहाचे दुप्पट वीस. म्हणजे अडून बसलेला भाडेकरू दंड म्हणून जे भरणार, ते त्याचं नेहमीचंच भाडं! सहाशे रुपयांसाठी मालकाने स्वतःच्या हातातली काठी मोडली.

भाडेकरूचंही तेच. त्याच कलमाखाली लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. दोन लाख डिपॉझिट देऊन करारात पन्नास हजार लिहू दिलेत, तर उरलेल्या दीड लाखासाठी तुमच्या हातात फक्त मालकाचा चांगुलपणा उरतो.

*सावधान:* डिपॉझिट आणि भाडं बँकेतूनच द्या. चेकचा किंवा व्यवहाराचा क्रमांक करारात लिहून घ्या.

३. मसुदा: ज्या ओळींवरून भांडणं होतात त्या

एजंटकडचा छापील मसुदा वाईट असतो असं नाही, पण तो कुणाच्याच घरासाठी लिहिलेला नसतो. पहिली तीन पानं सगळीकडे सारखी. वेळ पुढच्या ओळींवर घालवा.

*मुदत.* सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही तारखा लिहा. १ जूनला सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार ३० एप्रिलला संपतो, १ मेला नाही. ही एका दिवसाची गल्लत मसुद्यात फार दिसते. लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं. मला विचाराल तर दोघांचंही जमत असेल तेव्हा चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार बरा. दर अकरा महिन्यांनी तोच खर्च आणि तीच धावपळ करण्यात एजंटशिवाय कुणाचा फायदा नाही.

*लॉक-इन आणि नोटीस.* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉक-इनमध्ये कुणीच बाहेर पडू शकत नाही. नोटीस ते संपल्यावर. लॉक-इन फक्त भाडेकरूला लागू आणि मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर मोकळा, असा मसुदा समोर आला तर सही करू नका. लॉक-इन मोडलं तर किती महिन्यांचं भाडं द्यायचं, तो आकडाही लिहा. नोटीस कशी द्यायची, ईमेल चालेल की टपालच, हे एका ओळीत.

*डिपॉझिट परत कधी.* "घर सोडल्यावर" असं मोघम लिहिलेलं असतं. त्याऐवजी "ताबा देतेवेळी, थकबाकी आणि लेखी मान्य नुकसान वजा करून" असं लिहा. पुढच्या भाडेकरूकडून डिपॉझिट मिळाल्यावर देतो, हा मालकांचा आवडता तोडगा. करारात नसेल तर भाडेकरूने तो मानायची गरज नाही.

*झीज आणि नुकसान.* तीन वर्षांत भिंतीचा रंग उतरणं ही झीज. भिंतीत भगदाड पडणं हे नुकसान. मसुद्यात हा फरक नसतो. माझ्या एका जुन्या घरमालकाने खिळ्यांच्या चार भोकांसाठी अख्ख्या घराच्या रंगाचे पैसे कापले होते. करारात "घर होते त्या स्थितीत परत" एवढंच होतं, आणि होतं त्या स्थितीचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. रंगाचा खर्च कोणाचा, हे तेव्हापासून मी आधी विचारतो.

*दुरुस्ती.* नळाचा वॉशर, ट्यूब, फ्यूज भाडेकरूचं. गळती, वायरिंग, गीझर जुना होऊन बंद पडणं मालकाचं. मधल्या गोष्टींसाठी रकमेची सीमा ठरवा: अमुक रुपयांपर्यंत भाडेकरू, त्यावर मालक.

*मालकाची भेट.* घर पाहायचा मालकाला हक्क आहे, पण आगाऊ कळवून आणि सोयीच्या वेळी. चोवीस तास आधी कळवायचं, असं लिहिलं की प्रश्न मिटतो. जादा किल्लीने परस्पर आत येणं यात बसत नाही.

*तपासा:* "आपोआप नूतनीकरण होईल" असं वाक्य मसुद्यात असेल तर ते काढा. मुदत संपली की नवा दस्त, नवं मुद्रांक शुल्क, नवी नोंदणी.

४. खर्च काढा

मुद्रांक शुल्काचं सूत्र सोपं आहे. मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम असल्यास ती पूर्ण, अधिक परतीच्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज. या बेरजेच्या ०.२५ टक्के.

समजा चोवीस महिने, पहिल्या वर्षी भाडं २०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २१,०००, डिपॉझिट एक लाख. भाडं २,४०,००० अधिक २,५२,०००, म्हणजे ४,९२,०००. डिपॉझिटवरचं दोन वर्षांचं व्याज २०,०००. बेरीज ५,१२,०००. शुल्क १,२८० रुपये. पोर्टल रक्कम वरच्या बाजूला पूर्ण करून दाखवेल. नोंदणी फी शहरी हद्दीत एक हजार आणि ग्रामीण भागात पाचशे. त्याशिवाय दस्त हाताळणी शुल्क.

ही सरकारी रक्कम. घरी येऊन बोटांचे ठसे घेणाऱ्या एजंटची फी यावर असते. "सगळं मिळून इतके" असं सांगितलं की सरकारी चलन किती आणि सेवा किती, हे वेगळं विचारा. खर्च कोणी करायचा हे दोघांनी ठरवायचं. निम्मा-निम्मा हा सर्वसाधारण रिवाज, पण तोही आधी बोलून घ्या.

५. नोंदणी

दोन रस्ते आहेत: दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवर ई-नोंदणी करून. ई-नोंदणीत कचेरीत जावं लागत नाही. आधार, ठसे घेणारं यंत्र आणि वेबकॅम लागतो. मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार यांचे फोटो आणि ठसे घेतले जातात. साक्षीदारांचं आधारही लागतं, हे बहुतेकांना ऐनवेळी कळतं. शेजाऱ्यांना जेवणाच्या ताटावरून उठवून आणण्यापेक्षा आदल्या दिवशी सांगून ठेवा.

क्रम असा ठेवा:

१. मिळकतीचा तपशील भरा: जिल्हा, गाव, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ. पत्ता इंडेक्स २वर आहे तसाच घ्या. मजला आणि विंग हमखास चुकतात.
२. पक्षकार आणि साक्षीदार यांची नावं आधारप्रमाणे.
३. भाडं, डिपॉझिट, मुदत, अटी. वर्षागणिक भाडं बदलत असेल तर ते टप्प्याटप्प्याने भरा.
४. चलन भरा. त्याआधी मसुदा काढून दोघांनी शेवटपर्यंत वाचा. भरल्यावर चूक सापडली तर निस्तरणं त्रासाचं.
५. फोटो, ठसे, आणि दस्त सादर.

वयस्कर माणसांचे आणि हाताने कष्टाचं काम करणाऱ्यांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही. बोटं कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहा. आधार अद्ययावत करून बरीच वर्षं झाली असतील, तर ते काम नोंदणीच्या आधी उरका.

*सावधान:* दस्त सादर झाला म्हणजे नोंदला गेला असं नाही. दुय्यम निबंधक तो तपासतात आणि त्रुटी असेल तर परत पाठवतात. दस्त क्रमांक आणि इंडेक्स २ हातात आल्याशिवाय नोंदणी झाली असं धरू नका. "अर्ज गेलाय, होऊन जाईल" एवढ्यावर किल्ली आणि उरलेलं डिपॉझिट यांची अदलाबदल करणारे नंतर महिनाभर एजंटला फोन करत बसतात.

कचेरीत जाऊन नोंदवणार असाल तर सहीच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर करा. त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळतात. पण करार चालू होऊन चार महिने गेले आणि नोंदणी नाही, अशी वेळ येतेच का, हा खरा प्रश्न.

६. पोलीस आणि सोसायटी

पोलीस आयुक्त आणि जिल्हा प्रशासन यांचे आदेश लागू असतात, त्यानुसार भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला देणं मालकाला बंधनकारक असतं. न दिल्यास आदेशभंगाचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३खाली. माहिती ऑनलाइन भरता येते. पोच जपून ठेवा. ही माहिती म्हणजे कराराची नोंदणी नव्हे, आणि कराराची नोंदणी म्हणजे पोलिसांना दिलेली माहिती नव्हे. एक केलं की दुसरं आपोआप झालं असं समजणारे दोन्हीकडे आहेत.

सोसायटीबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवा: आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) भाड्याने देण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही, आगाऊ लेखी कळवावं लागतं. सोबत कराराची प्रत आणि पोलिसांकडची पोच जोडा. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते मात्र पाहून घ्या. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि त्या हिशोबात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. हे १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाने ठरलेलं आहे, तरी पूर्ण मेंटेनन्सवर टक्केवारी लावणाऱ्या समित्या आजही भेटतात. बिल हातात घ्या आणि गणित तपासा.

७. किल्ली देण्याचा दिवस

इथे अर्धा तास द्या. रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: प्रत्येक भिंत, छत, नळ, बेसिनखालची जागा, खिडक्यांच्या काचा. सामान आत यायच्या आधी. तो दोघांच्या फोनमध्ये गेला पाहिजे.

सामानाची यादी करताना "पंखे ४" एवढं पुरत नाही. चालू आहे का, ओरखडा आहे का, तेही लिहा. वीज आणि गॅसच्या मीटरचं वाचन त्या दिवशीच्या फोटोसह. किल्ल्या किती दिल्या, हा आकडाही. यादीवर दोघांच्या सह्या.

उरलेलं डिपॉझिट यानंतर. आधी नाही.

८. राहत असताना

भाड्याची लेखी पावती देणं मालकाचं कर्तव्य आहे. बँकेतून भाडं जात असलं तरी घरभाडे भत्त्यावर कर सवलत घेणाऱ्याला पावत्या लागतात, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅनही. पॅन द्यायला मालक कां-कूं करत असेल तर ते करार होण्याआधीच कळलेलं बरं.

महिन्याचं भाडं पन्नास हजारांच्या वर असेल तर दोन टक्के टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, तो साधा पगारदार असला तरी. मालक अनिवासी भारतीय असेल तर पन्नास हजारांची ती सूट नाही आणि कपातीचा दरही बराच जास्त आहे. अशा वेळी पहिलं भाडं देण्याआधी सनदी लेखापालाला विचारा.

९. मुदत संपताना

शेवटच्या महिन्यात नव्हे, दोन महिने आधी बोला. राहायचं असेल तर नवा करार जुना संपायच्या आत नोंदवा. "राहा अजून सहा महिने" हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश म्हणजे नवा करार नाही. त्या सहा महिन्यांत भाडेकरूच्या हातात राहण्याचा दस्त नसतो आणि मालकाच्या हातात वसुलीचा.

भाडेकरू मुदतीनंतरही हलत नसेल तर मालकाने भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूला प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते. नाही मागितली तर ताब्याचा आदेश होऊ शकतो. लिव्ह अँड लायसन्सचा खरा उपयोग इथे दिसतो. कुलूप बदलणं, वीज तोडणं, सामान जिन्यात काढून ठेवणं यातलं काही केलंत, तर बाजू बरोबर असलेला मालकच आरोपी होऊन बसतो.

घर ठरल्याप्रमाणे सुटत असेल, तर जुनी यादी आणि व्हिडिओ समोर ठेवून दोघांनी घर फिरा. नुकसान असेल तर तिथेच रक्कम ठरवून लिहा. मग ताबा पावती: तारीख, मीटरचं वाचन, परत आलेल्या किल्ल्या, कापलेली रक्कम आणि कारण, परत दिलेली रक्कम आणि व्यवहार क्रमांक. मुदतीआधी सोडत असाल तर "आजपासून करार दोघांच्या संमतीने संपला" ही ओळ त्यात हवीच. नाहीतर कागदावर तुम्ही अजून तिथेच राहत असता. पैसे खात्यात जमा झाल्याचा संदेश येईपर्यंत किल्ली भाडेकरूच्या हातात, आणि घर पाहून होईपर्यंत पैसे मालकाच्या. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत उरका.